के-ड्रामातल्या जागा बघायला कोरियाला जाताना

मालिका संपते, आणि मग दोन दिवस मन तिथेच घुटमळत राहतं. ती समुद्रात शिरलेली दगडी वाट, ती चढाची गल्ली, तो टेकडीवरचा एकटा वृक्ष. यातलं बरंच काही खरोखर आहे, आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला आठ-दहा दिवसांत निवांत बघता येतं. मी आईला घेऊन गेले होते. ती मांस-मासे खात नाही, तिचे गुडघे दुखतात आणि मालिका माझ्यापेक्षा तिने जास्त बघितल्यात. त्यामुळे पुढचं सगळं पहिल्यांदा जाणाऱ्याच्या सोयीने लिहिलंय.

यादी छोटी करा

बहुतेक जण तीस-चाळीस ठिकाणांची यादी करून निघतात आणि निम्मा वेळ भुयारी रेल्वेत घालवतात. त्यापेक्षा पुन्हा बघाव्याशा वाटतील अशा दोन-तीन मालिका निवडा. कोरिया लहान देश असला, तरी चित्रीकरणाच्या जागा चारही दिशांना पांगलेल्या आहेत. 'गॉब्लिन'मधला प्रसिद्ध बंधारा पूर्व किनाऱ्यावर गांगनुंगजवळ आहे, 'होमटाउन चा-चा-चा'चं गाव आग्नेयेला पोहांगमध्ये आहे, 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन'मधला बोगदा नैर्ऋत्येकडे जॉन्जूला आहे. आठ दिवसांत हे सगळं करायला गेलात तर लक्षात फक्त स्टेशनं राहतील. सोल हा मुक्काम धरा आणि बाहेरची दोनच शहरं निवडा.

जागा खरी आहे की सेट, हे आधी शोधा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. 'रिप्लाय १९८८'ची गोष्ट सोलच्या स्सांगमुन-दोंग भागात घडते, पण ती लाडकी गल्ली सेटवर उभारलेली होती. तिथे जाऊन ती सापडत नाही. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मधला तलावाकाठचा धक्का कोरियात नाहीच. तो स्वित्झर्लंडमध्ये ब्रिएन्झ तलावाच्या काठी इझेल्टवाल्ड नावाच्या चिमुकल्या गावात आहे. आपल्याकडच्या युरोप सहलींचा मुक्काम अनेकदा इंटरलाकेनला असतो, तिथून बसने हे गाव जवळ आहे. गर्दी इतकी वाढली की धक्क्यावर जायला गावाने ५ फ्रँक आकारायला सुरुवात केली.

ऐतिहासिक मालिकांचंही तसंच. सोलचे राजवाडे खरे आहेत, पण दरबाराची पुष्कळ दृश्यं बाहेरच्या कायमस्वरूपी सेटवर होतात. सोलच्या दक्षिणेला योंगइनमध्ये असलेलं कोरियन फोक व्हिलेज १९७४ पासून सुरू आहे आणि असंख्य ऐतिहासिक मालिकांत दिसलंय. 'मिस्टर सनशाइन'साठी नॉनसानमध्ये आख्खं जुनं शहर उभं केलं होतं, ते आजही बघता येतं. त्याच मालिकेतला झऱ्यावरचा छोटा पूल आणि मंडप मात्र खरा आहे. त्याचं नाव मानह्युजोंग, तो आंदोंगमध्ये आहे.

शोधायची रीत सोपी आहे. मालिकेचं कोरियन लिपीतलं नाव विकिपीडियावरून उचला, त्यापुढे 'छ्वार्योंगजी' म्हणजे 'चित्रीकरणाची जागा' हा शब्द कोरियन लिपीत जोडा आणि नेव्हर या कोरियन शोधयंत्रावर शोधा. भाषांतरासाठी पापागो हे अ‍ॅप वापरा. इंग्रजीत शोधल्यावर त्याच त्या पाच जागा येतात. कोरियनमध्ये शोधलं की कुठला कॅफे बंद झाला, कुठलं घर पाडलं, हेसुद्धा कळतं.

कधी जायचं

आपल्या सुट्ट्या इथे छान जुळतात. मे महिन्यात तिथे हवा सुखाची असते आणि झाडं हिरवीगार असतात. दिवाळीच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, जिंकोची झाडं पिवळीधमक आणि मेपल लाल झालेले असतात. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच टिकतो, त्यामुळे शाळेच्या परीक्षा आटोपून निघालात तर तो हुकलेला असतो. जूनअखेरीपासून महिनाभर तिकडचा पावसाळा, आणि जानेवारीत सोलचा पारा शून्याच्या खूप खाली जातो.

सोल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष आणि छुसोक म्हणजे सुगीचा सण, हे दोन्ही टाळा. सोल्लाल जानेवारी-फेब्रुवारीत येतो, छुसोक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, साधारण आपल्या गणपती ते कोजागिरीच्या दिवसांत. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था होते, तीच तेव्हा तिकडच्या गाड्यांची असते, आणि छोटी दुकानं बंद असतात.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच. 'के-ईटीए' नावाची ऑनलाइन परवानगी ज्या देशांना व्हिसा माफ आहे त्यांच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही. ती काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मुंबईत दक्षिण कोरियाचा महावाणिज्य दूतावास आहे. चालू नियम, शुल्क आणि अर्ज कुठे द्यायचा हे त्यांच्या संकेतस्थळावरूनच घ्या. बँकेचं विवरणपत्र, प्राप्तिकराची विवरणपत्रं, नोकरी असेल तर रजेचं पत्र आणि दिवसवार कार्यक्रम ही तयारी आधीपासून ठेवा. दिवसवार कार्यक्रमात मालिकांची नावं लिहू नका. शहर, मुक्काम आणि बघायचं ठिकाण एवढंच स्वच्छ लिहा.

कोरियात पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून 'ई-अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरता येतं. २०२५ पासून ही सोय आहे आणि सरकारी संकेतस्थळावर ती फुकट आहे. मुंबईहून बहुतेक जण बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगला विमान बदलून जातात. घड्याळ साडेतीन तास पुढे करायचं.

सामानात आंबे, ताजी फळं, मांसाचे पदार्थ नकोत. कोरिया ते आत येऊ देत नाही. सुके लाडू, मेतकूट, चिवडा असं काही बंद पाकिटात न्यावं आणि विचारलं तर उघडून दाखवावं. विजेची खोबण दोन गोल पिनांची असते, आपला तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही, म्हणून अडॅप्टर घ्या.

फोन, नकाशा, पैसे

नकाशासाठी गूगलवर विसंबू नका. कोरियात पायी वाटा दाखवण्यात तो कायम कमी पडत आलाय. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घरूनच डाउनलोड करा आणि प्रत्येक ठिकाण आधीच जतन करा. पत्ता इंग्रजीत टाकला की कधीकधी भलतंच दिसतं, म्हणून कोरियन लिपीतलं नाव चिकटवायचं. सिम किंवा ई-सिम इंचॉन विमानतळावर मिळतं.

टी-मनी कार्ड हे तिकडचं बस-रेल्वेचं कार्ड. कुठल्याही सीयू किंवा जीएस२५ दुकानात मिळतं. त्यात पैसे भरायला बहुधा रोख वॉन (तिकडचं चलन) लागतात हे लक्षात ठेवा. विमानतळावर उतरल्यावर थोडे तरी वॉन हातात असू द्या. १,००० वॉन म्हणजे साठेक रुपये धरले की हिशेब चुकत नाही. फक्त सोलमध्येच दोन-चार दिवस भरपूर फिरणार असाल तर ठराविक दिवस हवा तितका प्रवास करू देणारं 'क्लायमेट कार्ड' परवडतं. २०२४ मध्ये त्याचे पर्यटकांसाठीचे पास निघाले तेव्हा एका दिवसाचा ५,००० वॉन आणि तीन दिवसांचा १०,००० वॉन होता. सोलबाहेरच्या सहलींना मात्र टी-मनीच ठेवा.

विमानतळावरून शहरात यायला एरेक्स ही रेल्वे आहे. तिची जलद गाडी पहिल्या टर्मिनलवरून ४३ मिनिटांत सोल स्टेशनला पोहोचते. लांबच्या प्रवासाला केटीएक्स ही अतिजलद रेल्वे. शनिवार-रविवारची तिकिटं आधी काढा. अडचण आली तर पर्यटकांसाठी १३३० ही मदतवाहिनी आहे, तिथे इंग्रजीत बोलतात. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९.

सोलमध्ये

ग्योंगबोकगुंग राजवाड्याचं तिकीट ३,००० वॉन आहे आणि हानबोक म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख घातलेल्याला प्रवेश फुकट. आजूबाजूला हानबोक भाड्याने देणारी दुकानं खूप आहेत. मंगळवारी हा राजवाडा बंद असतो, तर छांगदोकगुंग आणि दोकसुगुंग सोमवारी. नोक्साप्योंगचा पादचारी पूल, जिथून 'इतेवॉन क्लास'मध्ये नामसानचा टॉवर दिसतो, तो संध्याकाळी बघा. दिवे लागल्यावरच तो ओळखीचा वाटतो. हान नदीकाठच्या बागांमध्ये दुकानातच यंत्रावर रामयॉन म्हणजे झटपट नूडल्स शिजवून खाण्याची मजा असते, पण शाकाहारी असाल तर मसाल्याच्या पुडीत बहुधा गोमांसाचा अर्क असतो हे माहीत असू द्या.

सुवॉन: अर्ध्या दिवसाची नव्हे, पूर्ण दिवसाची सहल

एकाच ठिकाणाला पूर्ण दिवस द्यायचा असेल तर मी सुवॉनला देईन. सोलहून लाइन १ ने सुमारे तासाभराचं अंतर. राजा जोंगजो याने १७९४ ते १७९६ या काळात बांधून घेतलेला ह्वासोंग किल्ला इथे आहे आणि १९९७ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. 'यी सान' आणि 'द रेड स्लीव्ह' या दोन्ही मालिका ह्याच राजावर आहेत, म्हणून त्यांपैकी एखादी बघून जा. ह्याने आपल्या दुर्दैवी बापाची समाधी सुवॉनला हलवली आणि मग हे शहर वसवलं, हे डोक्यात असलं की तटावरून चालताना ती गोष्ट पायाखाली जाणवते. गडकोट फिरणाऱ्या मराठी माणसाला हा तट फारच आवडेल. सहाएक किलोमीटरचा फेरा, बुरूज, जंग्या, दरवाजे आणि खाली वाहतं शहर.

तटाच्या आत हेंगगुंग-दोंग ही जुनी वस्ती आहे. 'अवर बिलव्हेड समर' आणि २०२४ ची 'लव्हली रनर' इथल्याच गल्ल्यांमध्ये चित्रित झाल्या. 'लव्हली रनर'मधलं नायिकेचं घर प्रत्यक्षात एक कॅफे आहे, त्यामुळे तिथे निःसंकोच आत जाऊन बसता येतं. 'एक्स्ट्रॉऑर्डिनरी अ‍ॅटर्नी वू'मधलं गिंबापचं (समुद्रशैवालात गुंडाळलेल्या भाताच्या वळकटीचं) दुकानही याच भागात आहे, फक्त ते खरं तर जपानी पदार्थांचं दुकान आहे आणि तिथे गिंबाप मिळत नाही.

नामी आणि गांगनुंग

के-ड्रामाच्या जागा बघायला परदेशातून लोक येऊ लागले ते मुख्यतः २००२ च्या 'विंटर सोनाटा'पासून. त्यातली उंच मेटासेक्वोया झाडांची रांग नामी बेटावर आहे. सोलच्या योंगसान किंवा छोंगन्यांगनी स्टेशनहून आयटीएक्स गाडीने गाप्योंग, तिथून बस किंवा टॅक्सीने धक्का, आणि पाचेक मिनिटांची फेरी बोट. सकाळची पहिली-दुसरी बोट घ्या. अकरानंतर त्या रांगेत झाडांपेक्षा माणसं जास्त दिसतात.

गांगनुंगला केटीएक्सने दोन तास. 'गॉब्लिन'चा बंधारा जुमुन्जिनच्या अलीकडे योंगजिन किनाऱ्यावर आहे, स्टेशनपासून टॅक्सीने सुमारे अर्धा तास. २०१६ च्या हिवाळ्यात ती मालिका सुरू झाली, तरी आजही तिथे फोटोसाठी रांग लागते. लोक शिस्तीत एकेक जोडी पुढे सोडतात आणि मागचा माणूस आनंदाने तुमचा फोटो काढून देतो. मग तुम्ही पुढच्याचा काढायचा. बंधारा ओला आणि निसरडा असतो. आईला मी अर्ध्यावरच थांबवलं, आणि लाट आली तेव्हा बरं झालं असं वाटलं.

गांगनुंगमध्येच छोदांग नावाची टोफूची वस्ती आहे. समुद्राच्या पाण्याने विरजलेला मऊ टोफू ही तिची ओळख. साधा पांढरा, बिनमसाल्याचा टोफू मागवा, कारण लाल रश्श्यात शिंपले किंवा मांस असू शकतं. आणि कामजाजॉन खा. बटाटा किसून तव्यावर घातलेलं हे धिरडं आहे. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "उपवासाला चाललं असतं गं."

खाण्याचं

शाकाहारी माणसाने खचून जाऊ नये, पण भाबडंही राहू नये. भाजीच्या पदार्थातही वाळवलेल्या बारीक मासळीचं पाणी असतं. किमचीत बहुधा माशाचा किंवा कोळंबीचा खार घातलेला असतो. त्तोकबोक्की म्हणजे तिखट रश्श्यातल्या कांड्या तांदळाच्या असल्या तरी त्यात माशाचे काप आणि तेच मासळीचं पाणी असतं. 'मी शाकाहारी आहे' एवढं सांगून भागत नाही, कारण समोरचा फक्त मांस काढतो. पापागोमध्ये हे वाक्य कोरियनमध्ये करून ठेवा आणि दाखवा: 'मांस, मासे, कोळंबी, शिंपले, माशाचा सॉस आणि हाडांचं किंवा मासळीचं सूप मला चालत नाही. अंडं चालतं/चालत नाही.' तोंडी सांगायचं तर 'गोगी प्पे जुसेयो', म्हणजे मांस काढून द्या.

बिबिंबाप म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात, हा सगळ्यात भरवशाचा पदार्थ, मांस वगळून मागायचा. रस्त्यावर होत्तोक म्हणजे आत गुळचट साखरेचं सारण असलेली गरम पोळी मिळते. बुंगोप्पांग दिसायला मासा, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. थंडीत भाजलेली रताळी. इन्सादोंगला बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणारी ठिकाणं आहेत, त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. ते महाग असतं, पण एकदा जरूर घ्या. डाळ-भाताची आठवण अनावर झाली तर इतेवॉनमध्ये भारतीय जेवण मिळतं.

मांसाहारी असाल तर एकच अडचण: शेगडीवर भाजायचं मांस किंवा मोठ्या पातेल्यातला रस्सा अनेक ठिकाणी किमान दोन जणांसाठीच देतात. एकटे असाल तर बसण्याआधी विचारा. पाणी आणि बांचान म्हणजे सोबतच्या वाट्या पुन्हा मागितल्या तर पैसे पडत नाहीत. टीप द्यायची नाही.

मालिकेतली भाषा जपून वापरा

सबटायटल्स वाचून आपल्याला शेकडो शब्द येतात, पण त्यातले निम्मे जिवलगांशी बोलायचे असतात. अनोळखी माणसाला 'या!' किंवा 'नो' म्हणणं म्हणजे परक्या काकांना 'ए, तू' म्हणण्यासारखं आहे. 'ओप्पा' हा मुलींनी मोठ्या भावाला किंवा प्रियकराला म्हणायचा शब्द, तो दुकानदाराला म्हणू नका. कुणाचं लक्ष वेधायचं तर 'जोगियो', नमस्काराला 'आन्न्योंगहासेयो', आभाराला 'कामसाहामनिदा'. 'आजुम्मा' म्हणजे काकू हे ऐकलेलं असतं, पण पुष्कळ बायकांना ते आवडत नाही. छोट्या खाणावळीतल्या बाईंना 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. आपण जसं खानावळीत 'मावशी, जरा भाजी वाढा' म्हणतो, अगदी तसंच. आईने हे शिकून घेतलं आणि त्यानंतर तिच्या पुढ्यात वाट्या रिकाम्या राहिल्याच नाहीत. पैसे किंवा वस्तू देता-घेताना दोन्ही हात वापरा.

जिथे माणसं राहतात तिथे

हे मी कळकळीने सांगते. चित्रीकरणाच्या अर्ध्या जागा म्हणजे कुणाची तरी घरं आहेत. 'होमटाउन चा-चा-चा' २०२१ मध्ये संपली तेव्हा बघ्यांचा इतका त्रास झाला की ज्या घरांत चित्रीकरण झालं तिथे जाऊ नका, अशी विनंती निर्मात्यांनाच करावी लागली. सोलच्या इह्वा वस्तीत गर्दीला कंटाळून रहिवाशांनी २०१६ मध्ये पायऱ्यांवरची प्रसिद्ध चित्रं रंग फासून पुसून टाकली. बुकछोनच्या जुन्या घरांच्या गल्लीत आता संध्याकाळी ५ ते सकाळी १० पर्यटकांना बंदी आहे आणि मार्च २०२५ पासून १ लाख वॉन दंड होतो. दुपारी जा, हळू बोला, दारातून आत डोकावू नका, चाकांची बॅग फरफटत नेऊ नका.

पोहांगला जायचंच असेल तर चोंगहाच्या बाजारात जा, कारण बाजार सगळ्यांचाच असतो. मालिकेतली टेकडीवरची होडी साबांग स्मारक उद्यानात आहे, तीही खुली आहे. 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स'ची गुर्‍योंगपोची गल्ली शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून त्या दोन्हींना वेगवेगळा दिवस द्या. त्या गल्लीतली घरं वसाहतकाळात जपानी मच्छीमारांनी बांधलेली आहेत, हे वाचून गेलात तर पायऱ्यांवर बसून खालचं बंदर बघताना जास्त काही दिसेल.

आणि तो वृक्ष. 'अ‍ॅटर्नी वू'मध्ये रस्त्यासाठी तोडला जाणार होता, तो छांगवॉन शहराच्या दोंगबु गावात आहे. वय सुमारे ५०० वर्षं. मालिका आली त्याच वर्षी, २०२२ मध्ये, सरकारने त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. गाव छोटं आहे, टेकडी दहा मिनिटांत चढून होते, आईसुद्धा सावकाश चढली. बुंध्याजवळची माती तुडवली की मुळांना इजा होते, म्हणून आखून दिलेल्या वाटेवरच थांबा. सावली इतकी ऐसपैस आहे की पन्नास माणसं सहज बसतील. आम्ही गेलो तेव्हा गावातल्या दोन आजी भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सरकून आईला जागा दिली. परतीची बस गावात फार वेळाने येते, तेव्हा तिची वेळ उतरतानाच थांब्यावर बघून ठेवा.